‘गोलकीपरचं पुढं काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पोळ्याच्या संध्याकाळी परभणीहून ताईचा फोन आला. बैलं मिरवून झाली होती, जेवणं व्हायची होती, आणि हिचा आवाज रडवेला. "लेकराला गोलातून काढावं म्हणायलेत हे. ग्रुपवर कायतरी आलंय. शाळेतल्या सरांशी बोलतो म्हणायलेत. तू बघ बरं एकदा."

मी बघितलं. दाजींपर्यंत पोचायच्या आधी तो मेसेज कितीतरी हातांतून गेला होता. पुढच्या दोन दिवसांत तोच मला संभाजीनगरच्या दोन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही.

सुरुवात "पालकांनो, वेळीच सावध व्हा" अशी. मग मुद्दे. ज्याला खेळता येत नाही त्यालाच गोलात उभं करतात. तेराव्या वर्षी उंची दिसत नसेल तर गोलकीपिंग ताबडतोब सोडा, वर्षं वाया घालवू नका. नव्वद मिनिटं एका जागी उभं राहणाऱ्याला खेळ कळत नाही. म्हणूनच जगात आजवर एकही गोलकीपर मोठा प्रशिक्षक झाला नाही, वर्ल्ड कप जिंकून देणं तर लांबच. भारतात तर त्यांना कुणी विचारतसुद्धा नाही. आणि तरीही पोराचा हट्टच असेल, तर ग्लोव्ह्जचे लाड न करता मुरमावर उड्या मारू द्या, अंग आपोआप घट्ट होतं.

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. उंची चार फूट अकरा इंच. दाजींनी नेमकं कोणतं वाक्य वाचून त्याच्याकडं बघितलं असेल, हे मला कळतं. त्यामुळं उंचीपासूनच सुरुवात करतो.

दाजी, दीनो झोफ हे नाव लक्षात ठेवा. इटलीच्या ईशान्येकडच्या फ्रिउली भागातल्या एका गावात १९४२ साली जन्मलेला शेतकऱ्याचा पोरगा. चौदाव्या वर्षी इंटर मिलान आणि युव्हेंटस या दोन मोठ्या क्लबांकडं निवडीसाठी गेला. दोघांनीही परत पाठवला. कारण एकच, उंची कमी. म्हणजे तुमच्या ग्रुपवरचा मेसेज जे सांगतोय, तेच त्याला त्या काळातल्या जाणत्या माणसांनी समोर बसवून सांगितलं होतं. पोरगा घरी आला, मेकॅनिकचं काम शिकायला लागला, आजीनं त्याला रोज अंडी खाऊ घातली. पुढच्या पाच वर्षांत तो ३३ सेंटिमीटर वाढला. एक फुटाहून जास्त. ती वाढ अंड्यांमुळं झाली असं मी म्हणत नाही. पोरं त्या वयात वाढतात, कुणी आधी, कुणी नंतर, एवढंच त्यातून घ्या. १९६१ मध्ये उदिनेझे या क्लबाकडून पहिला सामना खेळला आणि त्यात पाच गोल खाल्ले. मेसेज लिहिणाऱ्यानं त्या संध्याकाळीच त्याचा निकाल लावून टाकला असता.

ज्या युव्हेंटसनं बुटका म्हणून परत पाठवलं होतं, त्याच क्लबानं १९७२ मध्ये त्याला विकत घेतलं. अकरा हंगाम तो तिथं खेळला आणि लीगचा एकही सामना चुकवला नाही. सलग ३३० सामने. सहा वेळा लीग जिंकली. १९८२ मध्ये चाळिसाव्या वर्षी इटलीचा कर्णधार म्हणून माद्रिदमध्ये वर्ल्ड कप हातात घेतला. चाळिसाव्या वर्षी!

आणि मेसेज म्हणतो "पुढं काही होत नाही", तर पुढचंही ऐका. खेळणं थांबवल्यावर झोफनं आधी गोलकीपरांना शिकवलं, मग इटलीचा ऑलिंपिक संघ हाती घेतला आणि १९८८ मध्ये युव्हेंटसचा मुख्य प्रशिक्षक झाला. तेव्हा तो क्लब त्याच्या जुन्या वैभवातला राहिलेला नव्हता. पैसा आणि चमक सगळी एसी मिलानकडं होती (हा वर आलेल्या इंटर मिलानहून वेगळा क्लब). तरी १९९० मध्ये झोफच्या युव्हेंटसनं इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत त्याच मिलानला मिलानच्याच मैदानावर १-० नं हरवलं, आणि काही आठवड्यांत फिओरेंतिनाला हरवून यूएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा एक चषक, तोही घेतला. तो कप १९७७ मध्ये त्यानं खेळाडू म्हणून जिंकलेला होता. एका हंगामात दोन चषक, आणि त्याच उन्हाळ्यात क्लबानं त्याला निरोप दिला! नव्या कारभाऱ्यांना आक्रमक, देखणा खेळ हवा होता, म्हणून त्यांनी मायफ्रेदी नावाचा प्रशिक्षक आणला. पुढच्या हंगामात युव्हेंटस सातवा आला आणि युरोपातल्या स्पर्धांना मुकला. "गोलीला खेळ कळत नाही" हा समज कुठवर पोचलेला असतो, आणि त्याची किंमत कोण मोजतं, ते इथं दिसतं.

झोफ पुढं लाझिओ या क्लबाकडं गेला, तिथं प्रशिक्षक होता आणि क्लबाचा अध्यक्षही झाला. २००० च्या युरो स्पर्धेत त्यानं इटलीला अंतिम फेरीत नेलं. नव्वद मिनिटं संपली तेव्हा इटली जिंकत होती. भरपाईच्या वेळेत फ्रान्सनं बरोबरी केली आणि जादा वेळेत त्रेझेगेनं गोल्डन गोल मारला, म्हणजे ज्या गोलावर सामना तिथंच संपतो तो. मिलानचा मालक आणि राजकारणी बर्लुस्कोनीनं झोफच्या डावपेचांवर जाहीर टीका केली, आणि दोन दिवसांत या माणसानं राजीनामा दिला. अपमान गिळून खुर्चीला चिकटला नाही. मला तो यासाठीही आवडतो.

एवढा एक माणूस समोर ठेवला की मेसेजचे निम्मे मुद्दे तिथंच पडतात. उरलेले बघू.

"वर्ल्ड कप जिंकून देणं लांबच." साफ खोटं. १९६२ चा वर्ल्ड कप ब्राझीलनं चिलीमध्ये जिंकला, तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते आयमोरे मोरेरा, आणि ते स्वतः गोलकीपर होते, ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडून गोलात उभे राहिलेले. त्या स्पर्धेत पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर पडला. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू गेला असताना संघ सांभाळायचा होता. मोरेरांनी अमारिल्दोला आत घेतलं. अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियानं आधी गोल केला, आणि बरोबरीचा गोल याच अमारिल्दोचा. ब्राझील ३-१ नं जिंकलं. मेसेज लिहिणाऱ्यानं हे शोधायला दोन मिनिटं दिली असती तर ते वाक्य लिहायला त्याचा हात धजला नसता.

क्लबांचं म्हणाल तर बेल्जियमचे रेमों गोथाल्स गोलीच होते. १९९३ मध्ये ७१ व्या वर्षी त्यांनी मार्से या फ्रेंच क्लबाला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा चषक, जिंकून दिली, समोर मिलान होता. त्याच हंगामातल्या फ्रेंच लीगच्या एका सामन्यावरून क्लबावर लाचखोरीचा डाग लागला आणि लीगचं विजेतेपद गेलं, हे झाकून ठेवायचं कारण नाही. पण युरोपचा चषक राहिला, आणि २०२५ मध्ये पॅरिसच्या क्लबानं जिंकेपर्यंत फ्रान्सकडं तो एकच होता. मिशेल प्रुदोम या गोलीनं स्टँडर्ड लिएज क्लबाला पंचवीस वर्षांनी बेल्जियमची लीग मिळवून दिली. लोपेतेगी या गोलीनं २०२० मध्ये स्पेनच्या सेव्हियाबरोबर युरोपा लीग घेतली. ब्राझीलचा रोजेरिओ सेनी, ज्यानं गोली असून फ्री किक आणि पेनल्टीवर शंभरावर गोल मारले, त्यानं फ्लामेंगो क्लबाला ब्राझीलची लीग जिंकून दिली. नूनो एस्पिरितो सांतो तर २००४ च्या चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या पोर्तोमध्ये राखीव गोली होता, बाकावरचा. त्यानं आधी इंग्लंडच्या वुल्व्ह्ज क्लबाला वरच्या लीगमध्ये आणलं, आणि २०२४-२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला, जो आदल्या हंगामात त्याच लीगमध्ये सतरावा होता, सातव्या क्रमांकावर नेऊन जवळपास तीस वर्षांनी युरोपात पोचवलं. पुढं त्याला तिथून काढलं, पण ती या धंद्याची रीतच आहे, गोली असो की स्ट्रायकर.

आता "खेळ कळत नाही." हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. मी कॉलेजला तीन वर्षं गोलात उभा राहिलोय. कॉर्नरला कुणी कुणाला धरायचं, फ्री किकला भिंत किती जणांची आणि पाऊलभर कुठं सरकवायची, बॅक पुढं गेला तर मागची जागा कोण भरणार, हे सगळं ओरडून ओरडून सांगणारा गोलीच असतो. १९९२ पासून तर आपल्या खेळाडूनं पायानं मागं दिलेला पास गोलीला हातात घेता येत नाही, त्यामुळं त्याला पायांनीही खेळावं लागतं. आणि एक पुरावा असा आहे की त्यापुढं वाद संपावा. रिकार्दो ला व्होल्पे, १९७८ मध्ये वर्ल्ड कप जिंकलेल्या अर्जेंटिनाच्या संघातला राखीव गोली. पुढं मेक्सिकोत प्रशिक्षक झाला, आत्लांते क्लबाला १९९३ मध्ये लीग जिंकून दिली, २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये मेक्सिकोचा संघ सांभाळला. मागून चेंडू बाहेर काढायची त्याची एक पद्धत आहे: दोन्ही सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, बाजूला फाकतात, मधला मिडफिल्डर खाली त्यांच्यामध्ये उतरतो, आणि तिथून खेळ सुरू होतो. आज टीव्हीवर निम्मे संघ हे करताना दिसतात. त्या पद्धतीला स्पॅनिशमध्ये ला व्होल्पेचंच नाव आहे, आणि खुद्द ग्वार्दिओलानं तिची तारीफ केलेली आहे. खेळ न कळणाऱ्याच्या नावानं डावपेच ओळखले जात नाहीत.

"खेळता येत नाही त्याला गोलात उभं करतात", यावर एवढंच. गल्लीत तसं होतं. पण फुटबॉलच्या नियमावलीतला तिसरा नियम सांगतो की संघात जास्तीत जास्त अकरा, आणि त्यातला एक गोलकीपर असलाच पाहिजे. स्ट्रायकर नसला तरी सामना होतो, गोली नसेल तर शिट्टी वाजत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. मोठ्या क्लबांच्या प्रशिक्षकांमध्ये गोली कमी असतात. मिडफिल्डर जास्त दिसतात. पण अकरांत गोली असतो एक, म्हणजे अकरा माजी खेळाडू प्रशिक्षक झाले तर त्यात एक गोली निघाला तरी हिशेब बरोबर बसतो. शिवाय निवृत्त झाल्यावर बऱ्याच जणांना क्लब गोलकीपिंग कोच करून ठेवतात आणि तिथून पुढं सरकू देत नाहीत. युव्हेंटसनं झोफला दोन चषकांनंतर घालवलं, त्यामागं जो समज होता तोच इथंही आडवा येतो. संधी कमी मिळते हे खरं, लायकी कमी असते हे खोटं. मेसेजनं दोन्हींची गल्लत केली.

भारतातही तेच अर्धसत्य. आपल्याकडं गोलीतून मोठ्या क्लबाचा मुख्य प्रशिक्षक झालेले फार नाहीत, हो. पण "कुणी विचारत नाही"? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदी २०२२ मध्ये निवडून आलेले कल्याण चौबे माजी गोलकीपर आहेत, आणि त्यांनी हरवलं ते बायचुंग भुतियाला, देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या स्ट्रायकरला, ३३ विरुद्ध १ मतांनी. ब्रह्मानंद शंखवाळकर या आपल्या गोव्याच्या गोलीला २०२२ मध्येच पद्मश्री मिळाली. आणि आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अगदी पहिला, २०१४ चा हंगाम आठवा. केरला ब्लास्टर्सचा प्रशिक्षक आणि गोली एकच माणूस होता, इंग्लंडचा डेव्हिड जेम्स, वय ४४. त्यानं संघ अंतिम फेरीत आणला. तो सामना आपल्या नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला, आणि भरपाईच्या वेळेत कोलकात्यानं गोल केला म्हणून चषक हुकला. २०१८ मध्ये तो परत आला तेव्हा जमलं नाही, मुंबईकडून ६-१ अशी हार झाल्यावर गेला. त्यातून जेम्सचं अपयश दिसतं, गोलकीपरांच्या जातीचं नाही.

राहिला शेवटचा मुद्दा. या एका ओळीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो. "ग्लोव्ह्जचे लाड नकोत, मुरमावर उड्या मारू द्या."

मेसेज लिहिणाऱ्यानं आपल्याकडची मैदानं पाहिलीत का? पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर दगडासारखी जमीन, वर मुरमाचे धारदार खडे. तेरा वर्षांच्या पोराची हाडं वाढीला लागलेली असतात. तो त्यावर कुशीवर पडणार, रोज, उघड्या गुडघ्या-कोपरांनी? मी पडलोय. मला शिकवणाऱ्यानंही असंच सांगितलं होतं, ग्लोव्ह्ज घातले की हात नाजूक होतात. माझी उजवी करंगळी एका साध्या सरावात मोडली, आणि आजही पूर्ण मिटत नाही. कमरेवरची साल दर आठवड्याला जायची. त्यानं अंग घट्ट झालं नाही. उडी मारायची भीती मात्र बसली, आणि भीती बसलेला गोली संपला.

दाजी, त्याच नियमावलीतला चौथा नियम सरांना दाखवा. गोलकीपरला पूर्ण लांबीची ट्रॅक पँट घालून खेळायची स्पष्ट परवानगी आहे. नडगीचे गार्ड तर सगळ्यांनाच सक्तीचे आहेत. उडी शिकवायची ती आधी गुडघ्यावर बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं, आणि खाली वाळू किंवा जुनी गादी टाकून. शाळेकडं नसेल तर चार पालकांनी मिळून ट्रॉलीभर वाळू टाका. परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा सराव सकाळी साडेसहाला ठेवायला सांगा, आणि पाणी प्यायला थांबू द्या.

हा मेसेज ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही पुढं पाठवलात, तिथं हे उत्तरही पाठवा. ताईला सांगा, सरांशी बोलायचं असेल तर माझ्यासमोर बोलू. शनिवारी त्याचा आंतरशालेय सामना आहे, मी सकाळच्या गाडीनं येतोय. ग्लोव्ह्ज इथून घेतलेत, त्याच्या हाताच्या मापाचे, पाच नंबरचे. ट्रॅक पँट तिथं घ्या, कंबर मला माहीत नाही.