तातूला खोटारड्या म्हणण्याआधी…

तातू या रशियन पॉप गायिकांच्या जोडीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अहो, त्या तसल्या, म्हणजे एकमेकींच्या प्रेमिका, नव्हत्याच, सगळं नाटक होतं!" आणि मोठं गुपित फोडल्यासारखा चेहरा करतं. नाटक होतं, कबूल. पण ते रचलं कोणी? शिव्या मात्र आजही त्या दोघींनाच.

लेना कातिना आणि युलिया वोल्कोवा मॉस्कोच्या 'नेपोसेदी' या मुलांच्या गायनसमूहात वाढलेल्या. १९९९ मध्ये जोडी जमवली जात होती, तेव्हा दोघी चौदा-पंधरा वर्षांच्या. जमवणारा इवान शापोवालोव्ह, पूर्वाश्रमीचा मानसोपचारतज्ज्ञ, नंतर जाहिरातवाला, वय तिशीच्या पुढे. शाळकरी मुलींचं एकमेकींवर प्रेम दाखवलं की माल खपेल, हे गणित मोठ्यांचं. पंधरा वर्षांच्या पोरीला कोण विचारतंय?

आणि खपला की! 'या सोश्ला स उमा' हे रशियन गाणं २००० मध्ये आलं, त्याचा इंग्रजी अवतार 'ऑल द थिंग्ज शी सेड' २००२ मध्ये. त्याच्या निर्मितीत ट्रेव्हर हॉर्नसारखा बडा ब्रिटिश निर्माता. २००३ च्या फेब्रुवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन चार आठवडे तिथेच बसलं. तिकडे टीव्हीवरची मंडळी व्हिडिओवर बंदी घाला म्हणून ओरडत होती. म्हणजे फुकटची जाहिरातच.

तो व्हिडिओ नुसत्या चुंबनासाठी लक्षात ठेवणाऱ्यांची मला कीव येते. धो धो पाऊस, गणवेशातल्या दोन ओल्याचिंब पोरी, मध्ये जाळीचं कुंपण आणि पलीकडे छत्र्या घेऊन टक लावून बघणारी माणसं. मुली कोंडलेल्या आहेत असंच वाटत राहतं. शेवटी त्या सरळ चालू लागतात आणि कळतं, कुंपणाच्या आत तर ती बघी मंडळी आहेत! शापोवालोव्हबद्दल माझं मत काहीही असो, हा शॉट अव्वल आहे.

२००३ हे वर्षच वेडं होतं. अमेरिकन टीव्हीवर इराक युद्धाविरुद्ध रशियन शिवी छापलेले टीशर्ट घालून गेल्या. रीगाला झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय गायनस्पर्धेत तिसऱ्या आल्या, १६४ गुण, विजेत्या तुर्कस्तानपेक्षा फक्त तीन कमी. जपानमध्ये थेट प्रक्षेपणाच्या कार्यक्रमातून गाणं न म्हणताच निघून गेल्या. वेळ भरून काढायला दुसऱ्या एका बँडला जास्तीचं गाणं वाजवावं लागलं. त्याच वर्षाच्या अखेरीस माहितीपटात त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, आम्ही प्रेमिका नाही. लक्षात घ्या, भांडं कोणी फोडलं नाही, त्यांनीच उघड केलं! २००४ मध्ये शापोवालोव्हशी व्यावसायिक काडीमोड, त्याच वर्षी युलियाला मुलगी झाली. पुढचे अल्बम वाईट नव्हते, पण चर्चा ओसरली. २०११ मध्ये अधिकृतपणे पडदा.

मला खरा राग येतो तो पुढच्या भागाचा. २०१३ मध्ये रशियाने कायदा केला, अल्पवयीनांसमोर समलैंगिकतेचा 'प्रचार' करायचा नाही. आणि पुढच्याच फेब्रुवारीत सोची ऑलिंपिकच्या उद्घाटनाआधी मंचावर कोण? तातू! जगाला दाखवायला ही जोडी चालते, घरच्या पोरीबाळींनी मात्र तोंड उघडायचं नाही. त्याच वर्षी युलिया टीव्हीवर म्हणाली की मुलगा समलैंगिक निघाला तर आपल्याला चालणार नाही. लेनाने जाहीरपणे वेगळी भूमिका घेतली. इथे मी युलियाची बाजू अजिबात घेणार नाही. तेव्हा ती पंधरा वर्षांची नव्हती, आणि ज्या मुलामुलींनी तिच्या गाण्यात स्वतःला पाहिलं, त्यांचं प्रेम काही नाटक नव्हतं.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये दोघी बेलारूसच्या मिन्स्कमध्ये पुन्हा एकत्र गायल्या. त्याच डिसेंबरमध्ये रशियाचा तो कायदा सगळ्या वयांना लागू झाला. ज्या व्हिडिओने रशियन पॉप जगभर नेलं, तो आज तिथे कोणी नव्याने बनवून टीव्हीवर दाखवायची हिंमत करील असं मला वाटत नाही.

असो. ऐकायचंच असेल तर इंग्रजी सोडा, मूळ रशियन ऐका. कळलं नाही तरी चालेल. इंग्रजीत त्या शब्द सांभाळून गातात, रशियनमध्ये युलिया अक्षरशः किंचाळते.