टायमिंग विचारू नकोस, आई

काल संध्याकाळी साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर एक वडील लेकीवर ओरडत होते. मुलगी तेरा-चौदाची असेल. "एवढा खर्च करतोय तुझ्यावर!" ती बुटाची नाडी सोडत खाली मान घालून ऐकत होती. रात्री मला झोप लागली नाही, कारण दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्या तोंडात होतं.

माझी लेक ८०० मीटर धावते. तेव्हा ती पंधराची होती. विभागीयला चौथी आली आणि राज्याची निवड हुकली. परतीच्या एसटीत मी सातारा येईपर्यंत बोलत होते. दुसऱ्या लॅपला मागे का पडलीस, शेवटच्या दोनशेला हात का आखडले. ती खिडकीबाहेर बघत होती. मग मी म्हणाले, "आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी बघ, सतराव्या वर्षी जगज्जेती झाली." २०२३ च्या ऑगस्टमध्ये अदितीनं बर्लिनला धनुर्विद्येत सुवर्ण जिंकलं तेव्हा अख्खा सातारा हरखला होता, मीही. तोच आनंद मी छडीसारखा वापरला.

तेव्हा लेक पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आई, ललिता बाबर रिओला दहाव्या आल्या होत्या. त्या या एसटीत असत्या तर त्यांनाही हेच सुनावलं असतंस?"

माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिताताई २०१६ ला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या दहाव्या नंबराचं कौतुक मी चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं. लेकीला मी उत्तर देऊ शकले नाही.

पण नुसतं गप्प बसून भागत नाही, हे पुढच्या काही महिन्यांत कळलं. तिचं जेवण अर्ध्यावर आलं, "सर म्हणाले वजन कमी कर." रात्री दोनपर्यंत जागी. स्पर्धेच्या सकाळी उलट्या. क्षुल्लक कारणावरून रडायची, आणि आम्ही म्हणायचो, वयच तसं आहे. पाळी चार महिने आली नाही. त्यावर मी काय म्हणाले असेन? "बरंच झालं, स्पर्धेत कटकट नाही." हे मुद्दाम लिहितेय, कारण ग्राउंडवर बसलेल्या बऱ्याच आयांकडून मी हे ऐकलंय.

नडगी दुखायला लागली म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी आधी पाळीबद्दल विचारलं. सरावात जेवढं जळतं तेवढं पोटात जात नसेल, तर शरीर एकेक काम बंद करत जातं. पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात, बारीक तडे जातात. मनावरही परिणाम होतो: चिडचिड, उदासी, कशातच लक्ष नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर तिला डॉक्टरांकडे न्या, एवढं मात्र लक्षात ठेवा.

हाडांच्या डॉक्टरांनीच समुपदेशकाकडे पाठवलं. घरातली मोठी माणसं म्हणाली, "पोरगी काय वेडी आहे का?" तरी गेलो. तिथं आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला गेला, "धावणं सोडून तिच्याशी शेवटचं काय बोललात?" मी आणि हे एकमेकांकडे बघत राहिलो. आठवेना.

दोन महिने सराव बंद ठेवला. बाकीच्या पोरी पुढे जातील ही धास्ती मला रोज होती, तिच्यापुढे ती काढली नाही. सरांशी भांडलो नाही, पण वजनाचं बोलणं यापुढे डॉक्टरांमार्फतच होईल, असं स्पष्ट सांगितलं. ते नाराज झाले. "मधेच थांबणारा खेळाडू परत येत नाही" म्हणाले. त्यावर लेकीच्या बाबांनी अमेरिकेच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं उदाहरण दिलं. ती २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली आणि पॅरिसला येऊन तीन सुवर्णं घेऊन गेली. आमची लेक काही सिमोन नव्हे, आणि परत धावली नसती तरी आमचं काही अडलं नसतं. हे म्हणायला मला फार वेळ लागला.

दडपण येतं कुठून, तेही बोलूया. दहावी-बारावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, हे आपल्यासारख्या घरांना फार मोठं असतं. आईबापांनी तो हिशेब जरूर करावा. तो पोरीच्या बुटात भरून तिला पळायला लावू नये.

आता ग्राउंडवरून येताना आम्ही पोवई नाक्यावर उसाचा रस पितो. धावण्याचा विषय तिनं काढला तरच निघतो. कधी ती मैत्रिणींचं सांगते, कधी काहीच नाही. सुरुवातीला ती शांतता मला सोसायची नाही.

घरात असं काही जाणवत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेलीमानस, सरकारी सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

परवा तिची ट्रायल होती. टायमिंग काय लागलं मला अजून माहीत नाही. घरी आली, शेंगदाण्याच्या चटणीशी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि पाय पसरून झोपली.