टेकडीखालचं फायर स्टेशन आणि आपल्या अरुंद वाटा

आज 14 एप्रिल, राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळा आणि कापूस भरलेलं जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले 66 जवान मारले गेले. दरवर्षी या दिवशी त्यांना मानवंदना दिली जाते. ती द्यायलाच हवी. पण मला आज लिहायचंय ते सिंगापूरच्या एका फायर स्टेशनबद्दल, आणि तिथून गोव्याकडे यायचंय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सिंगापूरला जाऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे या इमारतीचा फोटो असेल, फक्त ते फायर स्टेशन आहे हे ठाऊक नसेल. हिल स्ट्रीटवर, फोर्ट कॅनिंग टेकडीच्या अगदी पायथ्याशी, लाल विटा आणि पांढऱ्या गिलाव्याचे पट्टे, मधोमध उंच मनोरा. टेकडीला नाव त्याच लॉर्ड कॅनिंगचं, जो 1857 च्या वेळी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होता. 1867 पर्यंत सिंगापूरचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होता, म्हणून हे नाव तिथे गेलं. त्या टेकडीवर किल्ला होता आणि तिथल्या तोफा वेळ कळवायला उडवत. गावात कुठे आग लागली तरी तोफच उडायची. म्हणजे फायर स्टेशन यायच्या कितीतरी आधीपासून आगीची वर्दी याच टेकडीवरून मिळत होती.

1904 मध्ये माँटेग्यू पेट नावाचा इंग्रज अधिकारी सिंगापूरच्या अग्निशमन दलाचा प्रमुख म्हणून आला. रीतसर प्रशिक्षण घेतलेला हा तिथला पहिला प्रमुख. नवं मध्यवर्ती स्टेशन हवं म्हणून तो पाठीस लागला आणि 1908 च्या सुमारास ही इमारत उभी राहिली. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो मनोरा. दिसायला घड्याळाचा टॉवर वाटावा असा, पण शोभेचा नाही. वर पहारेकरी उभा राहून शहरावर धूर दिसतोय का ते बघायचा, आणि आत वापरून ओले झालेले लांबलचक होज वाळायला टांगलेले असायचे. होज ओलाच गुंडाळून ठेवला की कुजतो, म्हणून उंची हवी. जवानांची बिऱ्हाडंही त्याच आवारात. घंटा झाली की माणूस जिन्यावरून उतरून थेट गाडीवर. पुढे 1929 मध्ये मागच्या टेकडीवर शहराचा पाण्याचा जलाशयही झाला. वर पाणी, खाली बंब, पुढ्यात मोठा रस्ता.

1998 मध्ये या इमारतीला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, 2001 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. एवढ्यावर आपण म्हणू, चला, वारसा जपला. पण गंमत पुढे आहे. स्टेशन बंद केलेलं नाही. संग्रहालयाच्या शेजारच्या दारांतून आजही बंब बाहेर पडतात. आपल्याकडे हीच इमारत असती तर आतापर्यंत तिचा कॅफे झाला असता आणि मनोऱ्यावर सूर्यास्ताचे सेल्फी. (पणजीतल्या फोंताइन्यस या जुन्या वस्तीत राहणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.)

त्या शहरालाही हे सगळं सुखासुखी सुचलं नाही. 1961 च्या मे महिन्यात बुकित हो स्वी या झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे 16,000 माणसं एका दिवसात बेघर झाली. सरकारने तिथे भराभर फ्लॅट बांधले. आज ज्या सरकारी घरांचं आपण कौतुक करतो त्यांना खरी गती या आगीने दिली. 1972 मध्ये भर शहरातल्या एका मोठ्या दुकानाला आग लागून नऊ जण गेले, वीज गेल्याने लिफ्टमध्ये अडकून. त्यानंतर इमारतींसाठी अग्निसुरक्षेचे नियम आले आणि ते पाळले गेले. शेवटचे तीन शब्द परत वाचा.

आता आपलं बघू. डिसेंबर 2025 मध्ये उत्तर गोव्यातल्या हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून 25 माणसं गेली. त्यातले बहुतेक तिथे राबणारे कामगार, पोटापाण्यासाठी दूरच्या राज्यांतून आलेले. बातम्यांत सगळ्यांनी वाचलं, वाट इतकी अरुंद की बंब अलीकडेच थांबवावे लागले. पिळर्णचं स्टेशन तसं जवळ. जवळ असून उपयोग काय? मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर आगी लागल्या तेव्हा बंब तर सोडाच, माणसालाही चढायला वाट नव्हती. शेवटी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्या घेऊन आली. खाली वन खात्याची माणसं आणि गाववाले हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते.

अग्निशमन दलाच्या जवानांवर माझा राग नाही, उलटच. पावसाळ्यात पडलेलं माड कापायला तेच, विहिरीत पडलेली म्हैस काढायला तेच, आणि एप्रिलात काजूच्या बागायतीत आग लागली तरी तेच. माझा राग आहे तो आराखडा करणाऱ्यांवर. डोंगरकापणीला नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ खाली परवानगी लागते. तरी उतारावर एकामागून एक व्हिला चढत जातात, आणि वर जायला एकच चढाचा सिमेंटचा रस्ता, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने रिव्हर्स घ्यायचा. तिथे पाण्याने भरलेला बंब कसा वळणार? हा प्रश्न परवाना देताना विचारायचा असतो, आग लागल्यावर नाही. पेटने शंभर वर्षांपूर्वी विचारला ना, धूर कुठून दिसेल, पाणी कुठून येईल, गाडी कशी निघेल?

नवी स्टेशनं हवीत हे खरंच. पण नुसती स्टेशनं वाढवून भागणार नाही, हे हडफड्यात दिसलं.

आमच्या पंचायतीच्या येत्या ग्रामसभेत मी एकच मागणी लेखी देणार आहे: अग्निशमन दलाने एकदा रिकामा बंब गावातल्या प्रत्येक वाड्यात, म्हणजे वस्तीत, फिरवून बघावा, आणि जिथे तो अडेल त्या जागांची यादी पंचायतीच्या फलकावर लावावी. यादीतल्या रस्त्यावर नवं बांधकाम मंजूर होणार असेल तर आधी रस्ता, मग परवाना. तुमच्या पंचायतीतही हे देता येईल. मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवतो.