काजवे बघायला जाताय? हेडलाइट चालूच ठेवा

मे संपत आला, रोहिणी नक्षत्र लागलं, की भंडारदऱ्याच्या जंगलात काजवे चमकायला लागतात आणि पुणे, मुंबई, नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर बुकिंगचे मेसेज. तुम्ही अजून गेला नसाल तर सोसायटीत तोंड दाखवायची सोय उरत नाही. तेव्हा नवख्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी.

वार शनिवारच धरा. मंगळवारीही काजवे असतात म्हणे, पण मंगळवारी घोटीच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो आणि आपण खरंच जंगलात आलोय की काय, अशी उगाच धास्ती वाटते. शनिवारी रात्री शेंडीहून घाटघरच्या वाटेला लागलात की पुढे लाल दिव्यांची रांग, मागे पांढऱ्या दिव्यांची रांग, मध्ये तुम्ही आणि मेव्हण्याचा स्पीकर. लुकलुकाट बघायलाच आलात ना? मग तो इथूनच सुरू झाला म्हणायचं.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 साली ते जाहीर झालं. त्यातलं अभय नेमकं कोणाला, या भानगडीत आपण पडू नये. तिकीट फाडलं, विषय संपला.

आता मुख्य मुद्दा, उजेडाचा. सादडा, हिरडा, बेहडा अशी झाडं हेरून त्यांच्यावर काजवे जमतात आणि अख्खं झाड एका ठेक्यात पेटतं, विझतं, पुन्हा पेटतं. दिवा लावून मिरवणारे हे बहुतेक नर. माद्या खाली गवतात नाहीतर झुडपात बसलेल्या असतात आणि पसंत पडलेल्याला तिथूनच उत्तर देतात. हे उत्तर दिसलं तर संसार, नाही दिसलं तर नाही. अळी असताना गोगलगायी खात महिनोन् महिने मातीत काढायचे आणि पंख फुटल्यावर हाताशी उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यातही कित्येक जण काही खात नाहीत. इतकी घाई असलेल्या जिवांना तुमच्या एलईडी हेडलाइटची मदत नको का व्हायला? झाडासमोर गाडी आडवी घाला आणि अप्पर मारा. क्षणात सगळं झाड काळं ठिक्कर. तेवढ्यात गावातला गाइड पोरगा धावत येईल, हेडलाइटवर दोन्ही तळवे धरील आणि म्हणेल, “दादा, लाइट बंद करा ना.” तुम्ही खणखणीत आवाजात विचारायचं, “अरे, मग काजवे दिसणार कसे?”

डोळ्यांना अंधार सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, असं तो पोरगा सांगेल. वीस मिनिटं! तेवढ्यात तीन रील होतात.

मोबाइलवर काजव्यांचा फोटो येत नाही, काळा चौकोन येतो. तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिलेले फोटो तिकाटण्यावर कॅमेरा लावून, तासभर एकावर एक घेतलेले असतात. म्हणून निराश होऊ नका. फ्लॅश मारा, मग टॉर्च, मग आणखी चौघांचे टॉर्च. शेवटी बायकोचा चेहरा आणि मागे एक झाड असा छान फोटो येईल. हॅशटॅग टाकला की झाले काजवे.

गाडी डांबरावर ठेवू नका, तिथे बाकीच्यांच्या गाड्या असतात. गवतात घाला. माद्या गवतात बसतात हे मघाशी सांगितलंच. त्या काही हॉर्न देत नाहीत, त्यामुळे अडचण येत नाही. उतरल्याबरोबर सगळ्यांनी किडे पळवायचा स्प्रे अंगभर मारावा. किडे बघायला एवढ्या लांब आल्यावर ते अंगावर बसले तर काय करायचं?

लहान मुलं असतील तर पाण्याची रिकामी बाटली जवळ ठेवा. दहा-बारा काजवे सहज मावतात. टोपण घट्ट लावा. मूल गाडीत बाटली छातीशी धरून झोपी जाईल, फार गोड दिसतं. इगतपुरी येईपर्यंत बाटली थंडावते. खिडकीतून टाकून द्या.

जेवणाचं आधी सांगून ठेवा. गावरान कोंबडी, तांदळाची भाकरी. गावातल्या बायका चुलीवर करून वाढतात, आणि त्या महिन्यात घराला चार पैसे मिळतात हे मात्र खरंच आहे, त्यात थट्टा नाही. पत्रावळी दिली तर नाक मुरडून आपल्या थर्माकोलच्या प्लेटा काढा. राज्यात 2018 पासून त्यांच्यावर बंदी आहे, त्यामुळे दुकानदाराला जरा हळू आवाजात मागाव्या लागतात, एवढंच. प्लेटा, ग्लास, बाटल्या झाडाखालीच सोडा. सकाळी कोणीतरी उचलतं. कोण ते विचारायची पद्धत नाही.

घरी आल्यावर गूगलवर एक स्टार द्या. “काजवे खूपच कमी. गर्दी फार. लोकांना अक्कल नाही, सगळ्यांचे लाइट चालू. पैसे वाया.” हे मनापासून लिहा.

पुढच्या वर्षी काजवे आणखी कमी झाले तर जिवाला लावून घेऊ नका. सप्टेंबरात कासचं पठार आहेच. 2012 पासून जागतिक वारसा आहे, तेव्हा आपलाही वाटा धरायला हरकत नाही. शिवाय तिथे फुलं असतात. लोळून फोटो काढला तरी ती उडून जात नाहीत.