आधी परवानगी नको, आधी इमर्जन्सी रूम गाठा

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मानसिक त्रासासाठी इमर्जन्सीत नेण्याआधी विमा कार्डामागच्या बिहेवियरल हेल्थ नंबरवर परवानगी घ्या. नेटवर्कमधलंच हॉस्पिटल निवडा. शारीरिक इजा नसेल तर इमर्जन्सी धरत नाहीत. नाहीतर सगळं बिल अंगावर येईल.' लिहिणाऱ्याने काळजीपोटीच लिहिलं असेल. पण हे वाचून कुणी ऐन वेळी थांबलं, तर जिवावर बेतेल.

आधी परवानगीचं बघू. कार्डामागे बऱ्याचदा दोन नंबर असतात, कारण अनेक विमा कंपन्या मानसिक आरोग्याचं काम वेगळ्या कंपनीकडे सोपवतात. तो दुसरा नंबर थेरपिस्ट शोधायला, ठरवून भरती व्हायला कामाचा. इमर्जन्सीला पूर्वपरवानगी लागत नाही. माझ्या भाच्याचा रूममेट गोळ्यांची बाटली घेऊन बाथरूममध्ये बसला होता, आणि भाचा बाहेर त्या नंबरवर चाळीस मिनिटं होल्डवर. शेवटी शेजारच्या मुलीने ९११, म्हणजे तिकडचा आपत्कालीन मदतीचा नंबर, लावला. मुलगा वाचला. ती चाळीस मिनिटं मात्र भाचा अजून विसरलेला नाही.

नेटवर्कचंही, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलांचंही, तसंच. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या 'नो सर्प्रायझेस ॲक्ट'नुसार नेटवर्कबाहेरच्या इमर्जन्सी रूममध्ये गेलात तरी तुमचा वाटा नेटवर्कमधल्या दरानेच धरावा लागतो. डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि को-पे (दर वेळी द्यायची ठरावीक रक्कम) भरावे लागतातच, फुकट काही नाही. रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला हा कायदा लागू नाही, तिचं बिल वेगळं येऊ शकतं. पण म्हणून ती बोलवायची नाही, असं नव्हे.

'इजा नसेल तर इमर्जन्सी नाही' हे तर साफ चूक. सामान्य समजुतीच्या माणसाला लक्षणं बघून जिवाला धोका वाटला, तर ती इमर्जन्सी. नंतर निदान काही का निघेना. १९८६ च्या 'एमटाला' कायद्याने तर मेडिकेअर (तिथला सरकारी विमा) घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला आलेल्या प्रत्येकाला तपासावंच लागतं, आणि विम्याची चौकशी करत तपासणी लांबवता येत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असलेला मानसिक रुग्णही त्यात येतो.

मेसेजमध्ये खरं किती? प्रकृती स्थिर झाल्यावर मानसोपचार विभागात पुढे ठेवायचं असेल, तर विमा कंपनीची मंजुरी लागू शकते. ती सहसा हॉस्पिटलच मागतं. कंपनीने नकार दिला तर लेखी कारण मागा. अपिलाला १८० दिवस मिळतात, आणि प्रकरण तातडीचं असेल तर निर्णय ७२ तासांत द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. हे विम्याचे नियम कॉलेजच्या बहुतेक स्टुडंट प्लॅनना लागू होतात, पण इथून घेतलेल्या ट्रॅव्हल किंवा व्हिजिटर पॉलिसीला नाहीत. तिच्यात मानसिक आजार वगळलेला असू शकतो. मुलाकडे नेमकं काय आहे, हे विचारून घ्या.

आणि मुलाच्या फोनमध्ये ९८८, म्हणजे आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट आल्यास मदत करणारी हेल्पलाइन, सेव्ह करायला सांगा. १६ जुलै २०२२ पासून हा नंबर तिकडे देशभर चालतो. फोन करा किंवा मेसेज, पैसे पडत नाहीत, विमाही लागत नाही. जीव धोक्यात असेल तर थेट ९११. हॉस्पिटल तुम्हाला सज्ञान मुलाची माहिती देईलच असं नाही, पण तुम्ही त्यांना सांगू शकता: कुठल्या गोळ्या चालू आहेत, आधी असं कधी झालं होतं. तेवढं इथूनही फोनवर सांगता येतं.