सहीपुरती सज्ञान

मी मोठी झाले की नाही, हे घरातल्या, सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून एकदाचं ठरवा आणि मला कळवा. सध्या जे चाललंय त्यात मी सकाळी मोठी असते, दुपारी लहान होते आणि संध्याकाळी कुणाचं लाइट बिल भरायचं राहिलं असेल तर परत मोठी.

आजीच्या पेन्शनचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला कोण काढतं? मी. ते ॲप म्हणतं, डोळ्यांची उघडझाप करा. आजी डोळे गच्च मिटून घेते, कारण फोटोत फ्लॅश पडतो असं तिच्या डोक्यात बसलंय. मग "आजी, उघड", "आजी, आता मीट", "आजी, त्याच्याशी बोलू नकोस, तो ऐकत नाही". हे झालं की अख्खं घर म्हणणार, पोरगी हुशार आहे हो. तात्या (म्हणजे माझे थोरले काका) ॲडमिट होते तेव्हा मेडिक्लेमच्या खिडकीवर कोण उभं होतं? मीच. डॉक्टरांनी सकाळी घरी सोडलं आणि विमा कंपनीची शेवटची मंजुरी यायला दिवेलागण झाली. दिवसभर ते फोन, ते ईमेल, हातमोजे आणि सिरिंजचे पैसे का कापले म्हणून घातलेली हुज्जत, सगळं मी केलं. तेव्हा कुणाच्या तोंडून "तू लहान आहेस, तुला काय कळतंय" निघालं नाही बरं का. एकाच्याही नाही.

आता जमिनीचं ऐका. साताऱ्याकडे गावी आमची वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातला रस्त्याकडेचा तुकडा विकायचं चाललंय. घेणाऱ्याचा वकील म्हणाला, घरातल्या सगळ्या सज्ञान मुलामुलींच्या सह्या "मान्यता देणार" (म्हणजे विक्रीला संमती देणारे) म्हणून लागतील, नाहीतर उद्या कुणीतरी कोर्टात जाईल. बरोबरच आहे त्याचं. महाराष्ट्राने 1994 सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क दिला, केंद्राने 2005 ला हिंदू वारसा कायदाच दुरुस्त केला आणि 2020 ला सुप्रीम कोर्टाने उरलासुरला घोळही मिटवला. म्हणजे माझी सही ही कुणी माझ्यावर केलेली मेहरबानी नव्हे. ती नसेल तर व्यवहार अडतो, म्हणून मला रजा काढून गावाला बोलावलं.

गेले. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपये भरून मीच काढून दिला, कारण तात्यांना ओटीपी कुठे येतो ते सापडत नव्हतं. प्रिंटही मीच आणली. बाहेरच्या खोलीत बैठक बसली. मी एवढंच विचारलं, "तात्या, गुंठ्याला काय भाव ठरला? आणि चेकने किती, रोख किती?"

सगळे गप्प. पप्पा पंख्याकडे बघायला लागले. एजंट हसला. तात्या म्हणाले, "तू आत जाऊन चहाचं बघ. मोठी माणसं बोलतायत ना?"

अहो, मग सही कुणाची घेताय? आत चहा टाकणाऱ्या लहान पोरीची? लहान असेन तर माझी सही कायद्याने चालतच नाही, आणि चालत असेल तर मी कशावर सही करतेय हे मला कळलं पाहिजे. दोन्हीपैकी एक काहीतरी धरा की! दुय्यम निबंधकाच्या कॅमेऱ्यासमोर फोटोला मी सज्ञान आणि भाव विचारला की "लई शाणी झालीस".

त्याच बैठकीत माझा चुलतभाऊ सोफ्यावर मांडी घालून बसला होता. माझ्यापेक्षा लहान आहे. शाळेत त्याचे निबंध मी लिहून दिलेत, आता त्याचा इन्कम टॅक्स रिटर्नही मीच भरते. पण त्याचं गेल्या वर्षी लग्न झालं. झालं! अक्षता पडल्या आणि गडी एका रात्रीत पोक्त झाला. आता त्याला विचारतात, "तुझं काय मत?" त्याचं मत काहीच नसतं, तो मोबाइलवर मॅच बघत असतो. पण विचारतात.

पुण्यात तरी वेगळं असेल? कसलं काय. फ्लॅट बघायला गेलं की ब्रोकरचा पहिला प्रश्न, "फॅमिली की बॅचलर?" नोकरी दाखवा, पगाराच्या स्लिपा दाखवा, डिपॉझिट तयार ठेवा, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं मोजा, पोलिस व्हेरिफिकेशन करा. केलं सगळं. अकरा महिन्यांच्या करारासाठी एक मुलगा मशीन घेऊन घरी आला, आधारला माझा अंगठा जुळला, सरकार म्हणालं ठीक आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या वडिलांना एकदा भेटवा."

माझे पप्पा सकाळची एसटी धरून साताऱ्याहून स्वारगेटला उतरले, तिथून रिक्षा करून आले, सेक्रेटरींच्या घरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसले आणि म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो आमची." माणूस आयुष्यभर नोकरी करून रिटायर झाला आणि त्याला हे बोलायला लावलं. भाडं माझ्या खात्यातून जातं, करार माझ्या नावावर, भांडं फुटलं तरी नुकसान माझं, पण माझ्या चालचलणुकीचा दाखला पप्पांनी द्यायचा. चुलतभावाला बायकोसोबत बघून पहिल्याच सोसायटीने किल्ली दिली. त्याच्याकडे तेव्हा डिपॉझिटही पूर्ण नव्हतं. (ते कुणी भरलं, विचारू नका.)

भारतात माणूस 18 व्या वर्षी सज्ञान होतो हे इंग्रजांनी 1875 च्या कायद्यात लिहून ठेवलंय. 21 व्या वर्षी मी ग्रामपंचायतीला उभी राहू शकते, 25 ला लोकसभेला. म्हणजे देशाचा कायदा करायला चालेन, पण तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके भाड्याने घ्यायचा तर वडिलांना बोलवा.

आणि ते "जरा मॅच्युअर वाग" म्हणणारे तर डोक्यात जातात. त्यांची मॅच्युअर पोरगी कोणती, मी नीट बघितलंय. आत्याची मुलगी. तिला न विचारता तिचं कॉलेज ठरलं, न विचारता नोकरी सुटली. ती काही बोलली नाही. सगळे म्हणाले, किती समंजस आहे. ती मला रात्री दोनला फोन करून रडते, ते त्यांच्या हिशेबात कुठेच नाही. मी आवाज न चढवता भाव विचारला तर मी उद्धट. तात्या ताट सरकवून जेवणावरून उठून गेले, तर ते मोठे आहेत, त्यांना राग येतो, आपण समजून घ्यायचं. म्हणजे रुसायचं त्यांनी आणि मॅच्युअर व्हायचं मी!

ऑफिसातही तेच. क्लायंट माझ्याशी अर्धा तास बोलतो, सगळं समजून घेतो आणि शेवटी विचारतो, "तुमचे सर आहेत का?" सर आहेत. सरांना हे काम येत नाही, म्हणून तर मी बोलतेय. यासाठी केस बांधून, कॉटनची साडी नेसूनही बघितलं. तेव्हा विचारलं, "आज काही कार्यक्रम आहे का?"

असो. खरेदीखताची तारीख ठरायची आहे. मी फॅमिली ग्रुपवर सरळ लिहिलंय : रक्कम भरलेला मसुदा आधी मला पाठवा, मी वाचते, मग रजा टाकते. कोऱ्या आकड्यावर सही करणार नाही. सगळ्यांच्या निळ्या टिका आल्यात. उत्तर कुणाचंच नाही. तात्यांनी तेवढा खाली गाडीच्या विम्याचा फोटो टाकलाय : "बाळा हे उद्या संपतंय, आजच्या आज भर."