'काही ज्यू मुद्दाम जिवंत सोडले' हे हिटलरचं वाक्य नाही

भाचीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. आठवीला विषय 'मला भावलेला नेता'. परवा संध्याकाळी ती माझ्यासमोर सरावाला उभी राहिली आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "'मी काही ज्यू जिवंत सोडले, म्हणजे बाकीच्यांना का मारलं हे जगाला कळेल', असं हिटलरने 'माइन काम्फ'मध्ये लिहून ठेवलं आहे." कागदावर त्या वाक्यापुढे पेन्सिलीने फुली होती. इथे टाळ्यांसाठी थांबायचं.

"हे कुठून आणलंस?"

"आत्या, बाईंनीच दिलंय."

बाईंना ते व्हॉट्सॲपवर आलं होतं. वर गाझातल्या पडलेल्या इमारतीचा फोटो, त्याखाली हे वाक्य, मध्ये सहा मुद्दे, खाली 'प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवा'. मी स्वतः इतिहास शिकवते. आणि ही खोटी माहिती माझ्या घरात, माझ्याच भाचीच्या तोंडून ऐकावी लागली, म्हणून हे लिहितेय.

ते वाक्य आधी घेते, कारण सगळ्यात जास्त विष त्यातच आहे. 'माइन काम्फ'चा पहिला भाग १९२५ साली निघाला, दुसरा १९२६ साली. ज्यूंचं सरसकट हत्याकांड सुरू झालं १९४१ च्या उन्हाळ्यात, सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर. म्हणजे कुणाला मारलं आणि कुणाला सोडलं याचा हिशेब हिटलरने पंधरा वर्षं आधीच लिहून ठेवला? त्या पुस्तकात ज्यूद्वेष ठासून भरलाय, पण हे वाक्य त्यात नाही.

आणि 'सोडले'? २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे तलावाकाठच्या बंगल्यात युरोपातल्या ज्यूंना संपवण्याच्या योजनेसाठी पंधरा बडे नाझी अधिकारी जमले. नाझी सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख हायड्रिख अध्यक्ष होता, इतिवृत्त त्याच्या हाताखालच्या आइखमानने तयार केलं. त्याच्या ३० प्रतींपैकी १६ व्या क्रमांकाची प्रत १९४७ मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याच्या कागदांत सापडली. तिच्यात एक तक्ता आहे, युरोपातल्या कुठल्या देशात किती ज्यू उरलेत त्याचा. इंग्लंड ३,३०,०००. स्वित्झर्लंड १८,०००. आयर्लंड ४,०००. अल्बेनिया २००. एकूण १ कोटी १० लाखांहून जास्त. इंग्लंड, आयर्लंड, स्वित्झर्लंड नाझींनी जिंकलेही नव्हते, तरी तिथली माणसं मोजून झाली होती. भाचीने तक्ता वाचला, अल्बेनियाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दोनशे म्हणजे आमचे तीनच वर्ग की." पुढे ६ ऑक्टोबर १९४३ ला पोझेन शहरात एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याने आपल्याच पुढाऱ्यांना सांगितलं की मुलांनाही मारायचं ठरवलं, कारण ती मोठी होऊन सूड घेतील. जे वाचले ते नाझी हरले म्हणून, कुणी माळ्यावर लपवलं म्हणून, वेळेत जहाज मिळालं म्हणून. त्यांना हिटलरने सोडलं म्हणणं म्हणजे खुन्याच्या पदरात दया टाकणं आहे.

गाझातली मुलं पाहून माझंही पोट तुटतं. इस्रायलच्या सरकारला त्याचा जाब विचारावा, भर सभेत विचारावा. पण त्या फोटोखाली हे वाक्य चिकटवलं की अर्थ असा होतो की १९४२ साली मारलेल्यांची तीच लायकी होती. मारलेल्यांत सुमारे १५ लाख मुलं होती. हे माझ्या तेरा वर्षांच्या भाचीला टाळ्यांसाठी म्हणायला लावलं होतं.

आता बाकीचं. 'जग ताब्यात घेण्याचा ज्यूंचा गुप्त ग्रंथ': तो १९०३ साली रशियात छापलेला बनाव आहे. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने दाखवून दिलं की तिसऱ्या नेपोलियनवर टीका करणाऱ्या १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकातून त्यात उतारेच्या उतारे उचललेत. शंभर वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट.

'पहिल्या महायुद्धात ज्यूंनी दगा दिला': सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात लढले, बारा हजार कामी आले. हिटलरला मिळालेल्या पहिल्या दर्जाच्या आयर्न क्रॉस या जर्मन शौर्यपदकाची शिफारस करणारा ह्युगो गुटमान हा अधिकारी ज्यूच होता.

'मारलेल्या ज्यूंचा ६० लाखांचा आकडा फुगवलेला': किएव्हजवळच्या बाबी यार दरीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारल्याचा अहवाल नाझींनी स्वतःच वर पाठवला होता. एका दरीचा हा हिशेब मारणाऱ्यांच्याच हातचा आहे.

'सगळ्या बँका त्यांच्याच' यात एक गोष्ट मान्य करावी लागते. युरोपातल्या काही मोठ्या पेढ्या ज्यू घराण्यांच्या होत्या, रॉथशिल्ड त्यांतलेच. पण मध्ययुगात बऱ्याच ठिकाणी ज्यूंना जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघांत शिरता येत नव्हतं, आणि चर्चने ख्रिश्चनांना व्याज घ्यायला मनाई केली होती. उरलेलं काम ते करू लागले आणि त्याच कामाबद्दल शिव्या खाऊ लागले. बाकी बहुतेक ज्यू शिंपी, चांभार, फेरीवाले, पोटापुरतं कमावणारे. बँकवाल्या चारदोन घराण्यांवरून सगळ्यांना तोलायचं?

'जिथे गेले तिथून हाकलले, म्हणजे दोष त्यांचाच' हा मुद्दा बाईंना फार पटला होता. १२९० मध्ये इंग्लंडच्या राजाने ज्यूंना हाकललं तेव्हा लोकांकडची त्यांची येणी स्वतःच्या नावावर करून घेतली. दोष कुणाचा? आणि इतकं लांब कशाला जायचं? अलिबागजवळच्या नवगावात उतरलेल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंनी, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी त्यांची आडनावं. त्यांना इथून कधी कुणी हाकललं नाही. भाचीला ज्यू म्हणजे कुठले तरी परके वाटत होते. पेणकर ऐकल्यावर ती गप्प झाली.

सहावा मुद्दा हिटलरच्या शिस्तीचा होता. त्याला उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

रात्री बाईंना फोन केला. आधी त्या दुखावल्या, मग म्हणाल्या, "मुलांनी विचारलं तर सांगू काय?" मी त्यांना तक्ता पाठवला. म्हटलं, तुम्ही काही सांगूच नका. ते वाक्य फळ्यावर लिहा, शेजारी १९२५ आणि १९४१ लिहा आणि मुलांना विचारा, यात काय जुळत नाही? मग तक्ता त्यांच्या हातात द्या. आणि मेसेज ज्या ग्रुपवर टाकला होता, त्याच ग्रुपवर तो खोटा असल्याचं लिहा.

आज तिसरा दिवस. ग्रुपवर अजून काही आलेलं नाही.